गोष्ट सांगणारीची पात

माघ सरत आला की माझा उजवा अंगठा ठणकायला लागतो. पेणचे डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, वाल तयार झाले. शाळेत सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिलं, त्या बोटांना काही होत नाही. दुखतो तो अंगठाच, आणि दुखतो तो याच दिवसांत.

यंदा माघात माझा भाचा समीर आमच्या गावाहून, निडीहून, पिशवीभर वाल घेऊन आला. पिशवीचं तोंड सोडलं आणि तो वास आला. मातीचा नव्हे, धान्याचाही नव्हे. दवात भिजलेल्या आणि मग उन्हात तडकलेल्या शेंगेचा कडवट, कोरडा वास. मी मूठभर वाल हातात घेतले आणि त्या शेतात जाऊन पोचले, जिथं दहावीच्या वर्षी एका सकाळी मला एकटीला माझी पात पुरी करावी लागली होती.

वाल हे मोठं हट्टी पीक आहे. भाताला सगळे मान देतात. त्याला पाऊस हवा, चिखल हवा, वाकलेल्या पाठी हव्यात. वालाला काही नको. भात कापून झालं, जमिनीत ओल उरली, तेवढ्यावर तो उगवतो. वरून पाणी नाही, खत नाही, कौतुक तर नाहीच. रात्रीचं दव पितो आणि उभा राहतो. आमच्याकडची माणसं तशीच आहेत असं मी पूर्वी वर्गात मुलांना सांगत असे. मुलं हसत. मी ते खरंच म्हणत होते.

वालाच्या शेंगा तोडायच्या त्या दव आहे तोवर. ऊन चढलं की वाळलेली शेंग हात लावताच तडकते आणि दाणे मातीत उडतात. म्हणून पहाट फुटली की शेतात हजर व्हायचं. बायका ओळीनं उभ्या राहत आणि प्रत्येकीनं आपल्या पुढची पट्टी धरायची. तिला पात म्हणतात. आपली पात आपण न्यायची, मागं राहायचं नाही, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही. पण एक रीत होती. जी गोष्ट सांगेल तिची पात बाकीच्यांनी वाटून घ्यायची. सांगणारीचे हात थांबतात, मान वर होते, ती मागं पडते. मग डावीउजवीकडच्या दोघी हात लांब करून तिच्या शेंगा तोडत पुढं सरकत. सांगणारी मोकळ्या हातानं त्यांच्याबरोबर चालायची. आमच्या शेतात गोष्ट सांगणं हे काम होतं.

आणि ते काम सगळ्यात जास्त करायची ती गंगूआत्या.

गंगूआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर दोन वर्षांत माहेरी परत आली ती कायमचीच. का आली हे तिनं कधी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. तिला मूल नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. कुणाला द्यायचं म्हटलं तर तिच्यापाशी होत्या फक्त गोष्टी, आणि त्यांतली एक ती दरवर्षी, वालाच्या पहिल्या तोडणीला, न चुकता सांगायची. आम्ही पोरी मुद्दाम तिच्या बाजूची पात धरायचो. तिचं काम करायला लागलं तरी चालेल, पण एक शब्द सुटता कामा नये.

ती गोष्ट माझ्या आजीची, भागीरथीची. कूळकायदा आला तेव्हाची. आम्ही कुळं होतो. जमीन मालकांची, राबणं आमचं. माझे आजोबा तोवर वारले होते, वडील लहान होते आणि कायदा म्हणत होता की जो कसतो त्याची जमीन. अशा वेळी एका सकाळी मालकांचा कारकून वालाच्या शेतात आला. हातात कागद आणि शाईची डबी.

"भागीरथे, इथं अंगठा दे."

"कसला कागद हाय?"

"नुसती नोंद हाय गो. नावं लिहून घेतायत सगळ्यांची."

आजीनं अंगठा शाईत बुडवला आणि आधी नमुन्यासाठी कच्च्या कागदावर टेकवला. उमटला नुसता काळा डाग. एक रेघ नाही. महिनाभर शेंगा तोडून तिच्या अंगठ्याची कातडी घासून गुळगुळीत झाली होती. कारकुनानं फडक्यानं पुसून पुन्हा घेतला. पुन्हा डाग. तिसऱ्यांदाही डाग.

"हात धुऊन ये," तो वैतागून म्हणाला. "थोडं तेल लाव. दोन दिवस शेंगांना हात लावू नको. परवा येतो मी."

तो गेला. आजी तिथंच उभी राहिली. मग पातीवरच्या बायकांना म्हणाली, "नुसत्या नोंदीला रेघा कशाला गो लागतात?"

इथं गंगूआत्या दरवर्षी थांबायची. आम्ही शेंगा तोडायचं विसरायचो. ती दटावायची, "हात चालू ठेवा. ऊन आलं."

शेजारच्या शेतातल्या काशीचा भाऊ रोह्याला कचेरीत शिपाई होता. काशी त्याच दुपारी चालत गेली आणि सांजेला परत आली. म्हणाली, "भागे, असले कागद भावानं कचेरीत बघितलेत. जमीन राजीखुशीनं सोडली असं लिवलंय त्यात. अंगठा दिलास की गेली." मालकाला तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. गावातलं पाणी, वाट, गुरांचं चरणं, सगळं त्यांच्या हद्दीतून. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेतात आली आणि बायकांना म्हणाली, "आज तुमच्या पाती मला द्या."

एकीनं दिली. मग दुसरीनं दिली. एरवी सांगणारीची पात बाकीच्या घेत. त्या दोन दिवसांत सगळ्यांच्या पाती एकीनं घेतल्या. आजीनं स्वतःचं शेत तोडलं, काशीचं तोडलं, ओढ्यापलीकडचं तोडलं. अंगठ्यातून रक्त आलं. तिसऱ्या दिवशी कारकून आला तेव्हा डागसुद्धा धड उमटेना.

"दुसरा अंगठा दे."

"तोबी तसाच हाय, भाऊ. बघा."

तिनं दोन्ही अंगठे त्याच्या नाकासमोर धरले. बायका पदर तोंडात धरून हसल्या. कारकून म्हणाला, आता मामलेदारांसमोरच बघू. आजी म्हणाली, बघू. आणि ती रोह्याला चालत गेली. साहेबानं विचारलं, बाई, जमीन राजीखुशीनं सोडता का? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "नाय. मी सोडलेली नाय. माझा नवरा त्या जमिनीत राबून गेला, आता मी राबतेय. लिवा तसं."

त्यांनी लिहिलं.

ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. आणि तरी दहावीच्या वर्षी मी काय केलं ते सांगते, कारण आज हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

आमच्या भागातल्या मुलांच्या परीक्षा आणि वाल एकाच वेळी येतात. पहाटे शेतात, मग अंघोळ, मग एस.टी. धरून रोह्याची शाळा. पुस्तक उघडलं की बोटांना वालाचा वास. नदीअलीकडे अष्टमी गावच्या थांब्यावर उतरायचं आणि कुंडलिकेच्या पुलावरून चालत रोह्यात जायचं. पुलावर वारा असायचा. त्या वाऱ्यात मी बोटं पसरून धरायची, वास जावा म्हणून. वर्गात माझ्या बाकावर रोह्यातल्या चांगल्या घरची मुलगी होती. तिच्या घरी आजोबांचा मोठा फोटो होता आणि पगडी होती. माझ्या घरी माझ्या आजीचा साधा फोटोही नव्हता.

परीक्षेला तीन आठवडे असताना मराठीच्या बाईंनी सरावासाठी निबंध दिला, 'माझे घराणे'. मी लिहिलं, "आमचे घराणे पूर्वापार जमीनदारांचे. माझे आजोबा घोड्यावरून शेतीची देखरेख करीत." भाषा फार छान झाली होती. मला अभिमान वाटला. इतका, की दुसऱ्या दिवशी पातीवर मी म्हणाले, आज मी वाचून दाखवते. वही घेऊन मी उभी राहिले आणि रीतीप्रमाणे दोन्हीकडच्या बायकांनी माझी पात उचलली.

घोड्यापर्यंत पोचले तेव्हा एकजण म्हणाली, "भागीचा नवरा नि घोड्यावर? मेल्याला बैल दुसऱ्याचे मागून आणावे लागत."

"घोडा खायचा काय गो?" दुसरी म्हणाली. "वालाची पापडी?"

हशा झाला. गंगूआत्या हसली नाही. ती माझ्यासमोर आली आणि शांतपणे म्हणाली, "हिची पात हिला परत द्या. खोट्या गोष्टीची पात कोण उचलत नाय."

बायका खरंच बाजूला सरल्या. मी वही बांधावर ठेवली आणि वाकले. त्या पुढं निघून गेल्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज लांब गेला. मी एकटी. ऊन वर आलं. माझ्या हाताखाली शेंगा तडकायला लागल्या, दाणे मातीत उडायला लागले. मी एकेक दाणा वेचला. रडले नाही, रागावले होते. कुणावर ते तेव्हा कळलं नाही. पुलावर बोटं पसरून चालणाऱ्या त्या मुलीवर, हे आता कळतं.

त्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी ती दोन पानं फाडली आणि नवा निबंध लिहिला. कूळ हा शब्द लिहिला, अंगठा लिहिला, काशी लिहिली.

इथं मला बाईंविषयी सांगायलाच हवं. त्या मोठ्या शेतीच्या घरातल्या होत्या. कायद्यात त्यांच्या घरच्या जमिनी कुळांकडे गेल्या होत्या, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मला मात्र वही त्यांच्या टेबलावर ठेवल्यावर ते आठवलं. त्यांनी निबंध वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला.

"आमच्या घरी ही गोष्ट उलटी सांगतात," त्या म्हणाल्या.

मी वही परत घ्यायला हात पुढं केला.

"म्हणून तुझी तू सांगायलाच हवीस. उद्या वर्गात वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. बाकावरची मैत्रीण शेवटी माझा अंगठा हातात घेऊन बघत बसली. पुढं बाईंनीच वडलांना बोलावून सांगितलं, हिला पेणला कॉलेजात घाला, मामा आहेत ना तिकडे. आमच्या घरातली पहिली पदवी त्या एका वाक्यामुळं आली. बाई आज नाहीत. त्यांचं ऋण मी असं मानते, की ज्यांच्या घरी गोष्ट उलटी सांगत, त्यांनी माझी सरळ ठेवली.

पेणला मामाच्या गल्लीत गणपतीचे कारखाने होते. वालाच्या दिवसांत गणपतींना रंग नसे, डोळे नसत. पांढऱ्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं बसलेल्या. डोळे शेवटी रेखतात आणि ते काम कुणाही हाताला देत नाहीत. मी कॉलेजातून येताना त्या आंधळ्या रांगा बघायची आणि मला वाटायचं, घराण्याच्या गोष्टीही अशाच. अंग सगळे घडवतात. रंगही लावतात. नजर कुणी रेखायची?

आता समीरकडे येते. माझा भाऊ गेला, त्याचा हा मुलगा. कंपनीत आहे, शिफ्टमधून वेळ काढून निडीची शेती अजून करतो, याचं मला फार कौतुक. रोह्याजवळ वरश्याला त्यानं घर बांधलं. फाल्गुनात वास्तुशांत ठरली आणि त्याच्या डोक्यात आलं, आलेल्या पाहुण्यांना घराण्याची लहानशी पुस्तिका द्यायची. वालाच्या पिशवीबरोबर त्या दिवशी त्यानं मजकूरही आणला होता. म्हणाला, "आत्या, तू शिकलेली. भाषा बघ जरा."

पहिलंच वाक्य होतं, आमचे घराणे पूर्वापार जमीनदारांचे.

"घोडा नाही घातलास?" मी विचारलं.

"कसला घोडा?"

मी त्याला खाली बसवलं आणि दोन तासांत खरा मजकूर लिहून दिला. त्यानं वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आत्या, कंपनीतले साहेब येणार, सासरची माणसं येणार. कूळ होतो, कूळ होतो, हे कशाला वाजवायचं?"

"कारण होतो."

"आणि ती अंगठ्याची गोष्ट खरी तरी आहे का? नुसता डाग असला तरी अंगठा तो अंगठाच धरतात. मी विचारलंय वकिलाला."

खरं सांगते, मलाही कधीतरी ही शंका आली होती आणि मी ती दाबली होती. म्हणून आठवड्यानं आम्ही दोघं निडीला गेलो आणि ती गंगूआत्यापुढं ठेवली. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे. अंगणात खुर्चीवर बसून सुपातले खडे निवडत होती. तिनं समीरकडे बघितलं.

"वकील बरोबर बोलतो रे. अंगठ्यानं जमीन नाय वाचवली."

"बघ!" समीर मला म्हणाला.

"अंगठ्यानं दोन दिवस मिळाले," ती म्हणाली. "दोन दिवसांत काशी रोह्याला जाऊन आली. दोन दिवसांत सगळ्या बाया एक झाल्या. त्या मेल्याला एकटी बाई पायजे होती. परत आला तेवा एकटी नव्हती. आता लिव तुला काय लिवायचं ते."

समीरनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. पण मजकूर बदलतो असं काही म्हणाला नाही.

त्याच दिवशी आत्याला अष्टमीला न्यायचं होतं. तिला सरकारी पेन्शन मिळते, त्यासाठी ती हयात असल्याची नोंद यंत्रावर करावी लागते. केंद्रात एक तरुण मुलगी होती, फार अदबीची. तिनं आत्याचा अंगठा काचेवर ठेवला. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मुलगी म्हणाली, "आजी, हात धुऊन या. थोडं तेल लावा."

दारात उभा असलेला समीर फोनमधून वर बघायला लागला.

गंगूआत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "काय गो बाय, तूबी कागद आणलास काय?" त्या मुलीला काही कळलं नाही. आत्या तिला समजुतीनं म्हणाली, "आमच्या घरचा अंगठा कुणाला सहज मिळत नाय." शेवटी डोळ्यांवरून नोंद झाली. यंत्रानं मान्य केलं, ही बाई जिवंत आहे.

घरी परतल्यावर समीरनं पुस्तिकेची पानं टेबलावर पसरली. आजीच्या पानावर फोटोसाठी चौकट होती, रिकामी. "इथं फुलाचं चित्र टाकतो," तो म्हणाला. मी म्हणाले, फूल नको. माझ्या पिशवीत शाळेपासूनचं शाईचं पॅड असतं. मी आत्याचा हात धरला, अंगठा शाईवर टेकवला आणि त्या चौकटीत दाबला. काळा डाग. एक रेघ नाही.

"नीट नाही आला," समीर पुटपुटला. "परत घे."

"परत नाय," गंगूआत्या म्हणाली. "तो असाच येतो."

त्यानं पानं गोळा केली. छापखान्यात काय दिलं ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यानं ते पान गाळलं तर मी वास्तुशांतीच्या मांडवात उभी राहून तोंडानं सांगेन, साहेब असोत नाहीतर व्याही. ज्यांच्या नावचा दगड नाही, फोटो नाही, सही नाही, त्यांना पुसायला फारसे कष्ट पडत नाहीत. नुसतं गप्प राहिलं की झालं. आणि मी एकदा गप्प राहिले होते, घोड्यासकट.

वास्तुशांतीच्या दिवशी दुपारी पंगत बसली. आमच्याच शेतातल्या वालांचं बिरडं होतं. आदल्या दिवशी सगळ्याजणींनी बसून मोड आलेले वाल सोलले होते. समीर बादली घेऊन स्वतः वाढत होता. प्रत्येक पानाशेजारी पुस्तिका ठेवलेली. मी एक उघडली. माझा अर्धा मजकूर कापला होता. भाषा त्याची, चुकाही त्याच्याच. पण पहिलं वाक्य होतं, आम्ही कूळ होतो. आणि चौकटीत डाग होता.

तेवढ्यात त्याचे साहेब म्हणाले, "समीर, हे छपाईत शाई सांडली वाटतं. चांगलं पान खराब झालं."

समीर वाकलेला होता. पळी अर्ध्यात थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या गंगूआत्याकडे बघितलं. ती मान किंचित वर करून वाट बघत राहिली.

"नाही साहेब, सांडलेली नाही," तो सरळ उभा राहत म्हणाला. "तो अंगठा आहे. सांगतो. त्याचं काय झालं, एके दिवशी सकाळी वालाच्या शेतात मालकांचा कारकून आला..."

पंगतीतले हात थांबले. पुढच्या पानांवर भात वाट बघत होता. मी उठले, पदर खोचला, त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि त्याची ओळ वाढायला घेतली.